चकली, चिमणी आणि बगळ्याचे पाय

आमच्या भागात चकली म्हटले की निम्म्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटते आणि निम्मी माणसे वर वळचणीकडे पाहतात. गुजरातीत चकली म्हणजे चिमणी. आपल्या चकलीला गुजराती शेजारी चकरी म्हणतात. खानदेशातून नव्याने सुरतेला आलेल्या एखाद्या सुनेने दिवाळीच्या दिवसांत शेजारणीला "आज चकल्या तळायच्या आहेत" असे सांगावे आणि शेजारणीने कपाळाला हात लावावा, हा प्रसंग इथल्या प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी घडलेला असतो. निदान घडल्याचे सांगितले तरी जाते.

हा विनोद चित्रात मी पहिल्यांदा पाहिला तो एका जप्त केलेल्या वहीत. नववीतल्या एका मुलाची ती वही. फराळाच्या ताटाच्या काठावर चिमणी बसली आहे, ताटात चकली आहे. चिमणी मान वाकडी करून चकलीला विचारते, "ताई, तुझे पंख कोणि कापले?" चित्र एवढेच.

वही माझ्याकडे आली ती विज्ञानाच्या शिक्षकांच्या तक्रारीमुळे. तिच्या एका पानावर एक बगळा खडू घेऊन फळ्यापाशी उभा होता आणि त्याचा चष्मा व मान पाहता बगळा कोण हे वर्गात कोणाला सांगावे लागले नसते. मुलगा ही पाने बापाच्या मोबाइलवर टिपून दोस्तांना पाठवी, आणि एक पान फिरत फिरत शिक्षकांच्याच मुलाच्या मोबाइलवर पोहोचले होते. मी वही चाळली. चिमणीच्या तोंडच्या 'कोणि'तली वेलांटी सवयीने लाल शाईने दीर्घ केली, मुलाला चार शब्द सुनावले आणि वही कपाटात ठेवून दिली. मुख्याध्यापकाच्या कपाटात भोवरे, पत्ते, तुटके मोबाइल अशा बऱ्याच वस्तू वर्षानुवर्षे पडून असतात. तीत आणखी एकीची भर पडली.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला एका नातेवाइकांच्या घरी रोहन चक्रवर्ती यांचे 'ग्रीन ह्यूमर फॉर अ ग्रेइंग प्लॅनेट' हे २०२१ साली निघालेले पुस्तक हाती पडले, आणि दोन दुपारी मी त्यातून मान वर केली नाही. परत आल्यावर ती वही कपाटातून काढून पुन्हा पाहिली. दोहोंत डावे-उजवे ठरवण्याचा प्रश्न नव्हता. एक जगभर पोहोचलेला चित्रकार आणि एक इच्छापोरचा पोरगा. पण दोघांनीही एकच जुने काम हाती घेतले होते. ते काम म्हणजे प्राण्यांना बोलते करणे. ते कसे साधते आणि कुठे फसते, याविषयी मला जे वाटले ते इथे मांडतो. मी मराठीचा एम.ए.; चित्रकलेत माझी गती नाही. म्हणून रेषेपेक्षा बोलण्याविषयीच अधिक लिहीन.

चक्रवर्ती मूळ नागपूरचे. शिक्षणाने दंतवैद्य. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही; हात स्वतःच्या सरावाने तयार केला. नागझिऱ्याच्या जंगलात पाणवठ्यावर डुंबणारी वाघीण पाहिली आणि आयुष्याची दिशा बदलली, असे त्यांनी सांगितलेले आहे. दंतवैद्यकी मागे पडली, काही वर्षे बंगळूरला ॲनिमेशनच्या क्षेत्रात नोकरी झाली आणि २०१० साली 'ग्रीन ह्यूमर' ही चित्रमालिका इंटरनेटवर सुरू झाली. संपादक नाही, प्रकाशक नाही, मानधन नाही; काढायचे आणि लोकांपुढे ठेवायचे. अशा मालिकेला आता वेबकॉमिक म्हणतात. पुढे ही मालिका अमेरिकेतल्या एका मोठ्या वितरणसंस्थेने घेतली, आणि 'गोकॉमिक्स' या तिच्या दालनात कॅल्विनच्या हॉब्ज या वाघाशेजारी आपल्याकडचे वाघ, धनेश आणि खवले मांजर जाऊन बसले. मग वृत्तपत्रांतली सदरे आली, पुस्तके आली, वन्यजीवांचे सचित्र नकाशे आले. मुंबईच्या जैवविविधतेचा नकाशा त्यांतलाच.

जत्रेत हौसे, नवसे आणि गवसे असे तीन प्रकारचे लोक येतात म्हणतात. नवसे काही फेडायला येतात, गवसे काही सापडते का ते पाहायला येतात, हौसे नुसते येतात. कलेच्या जत्रेत हौशांना आपण फारसे मोजत नाही. 'हौशी' या शब्दात आपल्याकडे थोडे कौतुक आणि बरीच माफी असते. हौशी नाटक म्हटले की प्रेक्षक आधीच क्षमा करून बसतो. चक्रवर्तींच्या आरंभीच्या कामाला अशी क्षमा करावी लागते असे मला वाटत नाही. त्याचे कारण त्यांच्या हातापेक्षा डोळ्यांत आहे, आणि त्याकडे मी पुढे येईन.

आधी थोडे मागे जाऊ. प्राण्यांना बोलते करणे आपल्याला नवे नाही. पंचतंत्र आणि हितोपदेश आपल्या रक्तात आहेत. आपल्या चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे. गुजराती घरातली चकी तांदळाचा दाणा आणते, चको मुगाचा दाणा आणतो आणि दोघांची खिचडी होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या गिजुभाई बधेका यांचा 'आनंदी कागडो' तर असा की राजाने कितीही शिक्षा केल्या तरी प्रत्येक शिक्षेत त्याला गंमतच वाटते. इंग्रजी 'टिंकल'मधला कालिया कावळा आमच्या पिढीच्या धाकट्या भावंडांना आठवत असेल. प्रदीप साठे यांनी काढलेला तो कावळा कोल्ह्याला आणि मगरीला दर अंकात फसवीत असे.

या सगळ्या प्राण्यांत एक गोष्ट समान आहे. ते प्राणी नाहीत. कोल्हा म्हणजे कावेबाज माणूस, सिंह म्हणजे सत्ताधीश, गाढव म्हणजे तुम्ही-आम्ही. कातडे काढले की आत माणूस निघतो. कोल्हा खरोखर काय खातो, बिळात कसा राहतो, पिले कशी वाढवतो, याच्याशी गोष्टीला कर्तव्य नसते, आणि ते तिच्यात शोधू नये. मुखवटा हे त्या कथांचे काम आहे, आणि मुखवट्याने किती मोठे काम करता येते हे आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'ने दाखवले. त्यात नाझी मांजरे आणि ज्यू उंदीर आहेत. वडिलांनी सोसलेली छळछावणी मुलाने उंदरांच्या तोंडून सांगितली, आणि १९९२ साली त्या चित्रकथेला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. माणसांना उंदीर ठरवून मारणाऱ्यांच्याच प्रतिमेत त्यांची गोष्ट सांगण्यात जो दाह आहे, तो माणसांची चित्रे काढून आला नसता. १९९४ च्या प्लेगच्या दिवसांत भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत लटकून गावी पळालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उंदीर या प्राण्याकडे पाहताना भय, किळस आणि गणपतीसमोरचा लाडू एकदमच आठवतो. अशा प्राण्याला बोलते करायचे तर तो आधी कोणाचा मुखवटा आहे ते ठरवावे लागते.

शाळेच्या व्याकरणात आम्ही चेतनगुणोक्ती शिकवतो. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते, बोलते, अशी कल्पना केली की तो अलंकार. मुलांना नेहमी प्रश्न पडतो की मग बोलणारा कावळा चेतनगुणोक्ती का नाही? उत्तर सोपे आहे, कावळा आधीच चेतन आहे. पण या सोप्या उत्तरात एक अवघड मुद्दा दडलेला आहे. ढगाला बोलते केले तर ढगाचे काही हिरावून घेतले जात नाही. कावळ्याला बोलते केले तर त्याचे स्वतःचे जे जगणे आहे ते पुसले जाण्याची शक्यता असते. देताना आपण काढूनही घेतो.

मराठीत याच्या नेमक्या उलट टोकाला एक मोठे पुस्तक उभे आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांतली हद्दीची आणि सत्तेची झुंज ही त्याची गोष्ट. तिथे वानरे मराठी बोलत नाहीत. ती वानरांसारखी वागतात आणि लेखक ते पाहतो. माणसाचे राजकारण वाचकाला आपोआप दिसते, लेखकाला ते दाखवावे लागत नाही. माडगूळकर स्वतः चित्रेही काढीत, आणि चित्रकाराचा डोळा त्या गद्यात पानोपानी आहे. त्यांचे 'नागझिरा' ज्यांनी वाचले आहे त्यांना चक्रवर्तींची वाघीण नेमकी त्याच रानात पाण्यात बसलेली आहे याची गंमत वाटेल. एकाच अरण्याने एका माणसाला अबोल प्राणी दिले आणि दुसऱ्याला बडबडे.

'ग्रीन ह्यूमर'चे वेगळेपण मला इथे दिसते. त्यातले प्राणी पंचतंत्रासारखे बोलतात, पण 'सत्तांतर'मधल्या वानरांसारखे आपल्या जातीला धरून राहतात. धनेश बोलतो तो धनेश म्हणून. त्याच्या जातीत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला फळे भरवतो, ही वस्तुस्थिती विनोदाच्या आधी उभी असते. विनोद त्या वस्तुस्थितीवर चढतो. कातडे काढले तर आत माणूस सापडत नाही, धनेशच सापडतो, मात्र त्याला आपल्याविषयी बरेच काही म्हणायचे असते.

हे किती अवघड आहे ते आपल्या घरच्या उदाहरणावरून पाहू. बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्यावरची कविता खानदेशातल्या प्रत्येकाला येते. एवढासा जीव, चोचीशिवाय हत्यार नाही, आणि पिलांसाठी झाडाला टांगलेला तो झुला. कवितेतली सुगरण आई आहे. पण खोपा विणतो नर! सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा जे दिसले ते असे: नर अर्धवट खोपा विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवीत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडला तर ती राहते आणि नर तो पुरा करतो. नाही तर ती उडून जाते. घर मार्गी लागले की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो.

याने बहिणाबाईंची कविता खोटी ठरते का? मुळीच नाही. त्यांना आईचे कष्ट सांगायचे होते आणि ते त्या खोप्यात मावले. पण आज एखाद्याने सुगरणीवर चित्रकथा काढायची ठरवली, तर त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक वाट आईची, ती चालून झालेली आहे. दुसरी वाट त्या नराची. उधारीवर माल आणून अर्धे बांधकाम केलेला, गिऱ्हाइकापुढे हात जोडून उभा असलेला हा बांधकाम-ठेकेदार सुरतेत कोणाला ओळखीचा वाटणार नाही? या दुसऱ्या वाटेवर हसूही आहे आणि पक्षीही शाबूत आहे. चक्रवर्ती सातत्याने ही दुसरी वाट धरतात. मुंबईच्या बीएनएचएसने २०१९ साली काढलेल्या त्यांच्या 'बर्ड बिझनेस'मध्ये शंभर भारतीय पक्ष्यांचे दिनक्रम आहेत, आणि ते हसत हसत वाचून झाल्यावर आपण पक्ष्यांविषयी बरेच शिकलो हे उशिरा लक्षात येते. आमच्या पाठ्यपुस्तकांत हा क्रम नेमका उलटा असतो.

'नॅचरलिस्ट रडी' या त्यांच्या चित्रकथेचा नायक गुप्तहेर मुंगूस आहे. मुंगसाला गुप्तहेर करणे ही मुखवट्याची सोपी कल्पना झाली असती. टोपी घातली, भिंग दिले की संपले. पण हे मुंगूस मध्य भारतातल्या रानातले, शेपटीचे टोक काळे असलेल्या जातीचे, आणि ते ज्या रहस्यांचा छडा लावते ती निसर्गातलीच रहस्ये आहेत. बिळांत, कपारींत नाक खुपसत हिंडणे हा मुंगसाचा स्वभावच आहे. गुप्तहेरी त्याच्यावर लादावी लागली नाही, ती त्याच्यात होतीच. चित्रकाराने फक्त नाव दिले.

आता हाताविषयी दोन शब्द. ठळक बाह्यरेषा, सपाट रंग, मोठाले डोळे ही त्यांची शैली ॲनिमेशनच्या वळणाची आहे. तिच्यात लक्ष्मण यांच्या कावळ्यांतली ती ओली, चपळ रेषा नाही. कावळ्याच्या एका पिसात शहराची सगळी धूर्तता आणणे हे लक्ष्मणच करोत. पण चक्रवर्तींचे गिधाड पाहिले तर ते कोणत्या जातीचे गिधाड हे जाणकाराला ओळखता येते. डोळे फुगवले, पाय आखूड केले, तरी जातीची खूण सुटत नाही. हौशी चित्रकाराला कोणी शिकवलेले नसते, म्हणून तो दुसऱ्यांच्या चित्रांवरून चित्रे काढतो. वाघ काढतो तो सर्कशीच्या जाहिरातीतला. चक्रवर्तींनी गुरू केला तो प्राण्यालाच. दातांचा वैद्य तोंडात पाहताना जे दिसेल तेच लिहितो, हवे ते लिहीत नाही. ती शिस्त इथे कामी आली असावी, असा माझा आपला तर्क.

एवढी स्तुती केल्यावर जे खटकले तेही सांगितले पाहिजे.

गिधाडे, माळढोक, खवले मांजर ही पात्रे या चित्रांत वारंवार येतात आणि त्यांची दुःखे खरी आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरत आहेत हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये आपल्याकडे त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर आकाश रिकामे झाले होते. माळढोक, ज्याला गुजराती लोक घोराड म्हणतात, तो आता उरला आहे दीडशेच्या आतबाहेर. आपल्या नान्नजला आणि कच्छच्या नलियाला त्याच्या नावाची अभयारण्ये आहेत आणि पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. अशा विषयांपुढे चित्रकाराचा तोल जाणे समजू शकते. पण तोल जातो तेव्हा चित्रातला प्राणी वाचकाकडे तोंड करून अग्रलेख म्हणू लागतो. फुगा मोठा होतो, प्राणी लहान होतो. त्या क्षणी माळढोक माळढोक राहत नाही, तो पर्यावरणवादी माणूस होतो. म्हणजे आपण पुन्हा मुखवट्याशी येऊन पोहोचतो. जी चित्रे मला सर्वांत अधिक आवडली त्यांत बोलणे थोडे आहे, आणि जे आहे ते प्राण्याने प्राण्याला म्हटलेले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या चित्रांत प्राणी शहाणा आणि माणूस मूर्ख, हा न्याय जवळजवळ ठरलेला आहे. शहरी वाचकाला तो रुचतो, कारण तो मूर्ख माणूस आपण नाही अशी त्याची खात्री असते. पण सुरत जिल्ह्याच्या मांडवी, महुवा तालुक्यांकडे उसात बिबळ्या असतो. त्या उसाच्या तोडणीला डांगातली, नंदुरबार-धुळ्याची माणसे कोयते घेऊन येतात आणि शेताच्या कडेला झोपड्या घालून कच्च्याबच्च्यांसह राहतात. त्यांची मुले मधूनच शाळेत येतात आणि मधूनच जातात. बिबळ्या उसात का आला याचे उत्तर बिबळ्याच्या बाजूने देता येते, आणि ते दिलेही पाहिजे. पण संध्याकाळी चुलीपाशी बसलेल्या त्या आईलाही काही विचारायचे असते. ती मूर्ख नाही आणि जंगलतोडीची ठेकेदारही नाही. बिबळ्याला फुगा आणि तिला नाही, असे ज्या चित्रात होते ते मला अर्धे वाटते. चक्रवर्तींच्या सगळ्याच चित्रांवर हा आरोप नाही. पण माझ्या वाचनात तिचा आवाज कमी आला, हे खरे.

तिसरे गाऱ्हाणे भाषेचे. 'ग्रीन ह्यूमर' इंग्रजीत आहे. ज्याने पोट चालवायचे आणि जगभर पोहोचायचे त्याने इंग्रजीत लिहिले यात गैर काही नाही. पण विनोद शब्दाच्या पोटात असतो आणि दुसऱ्या भाषेत तो मरतो. खवले मांजराचेच पाहा. गुजरातीत त्याला कीडीखाउ म्हणतात, म्हणजे मुंग्या खाणारे. नाव कामावरून पडले. मराठीने त्याच्या अंगावरचे खवले पाहिले आणि उरलेल्याला मांजर म्हणून टाकले. मांजराशी त्याचा काडीचा संबंध नाही! मराठीतल्या खवले मांजराला जन्मभर "मी मांजर नाही हो" असे सांगत हिंडावे लागेल, आणि हा विनोद इंग्रजीत किंवा गुजरातीत करताच येणार नाही. मारुती चितमपल्ली २०२५ साली गेले. त्यांच्या पक्षिकोशात नावांचा जो साठा आहे त्यातल्या एकेका नावाखाली एकेक चित्रकथा झोपलेली आहे. ती उठवायला मराठीत चित्रकार हवा. 'चिंटू'ने १९९१ पासून रोजच्या वर्तमानपत्रात मराठी घराला स्वतःचे पोर दिले; मराठी रानाला असे कोणी मिळालेले नाही.

हे लिहीपर्यंत येताना ती वही माझ्या टेबलावर उघडीच होती. आता तिच्याविषयी.

हात कच्चा आहे. माणसे तर काढताच येत नाहीत. बहुधा म्हणूनच प्राणी. काही वाघ कुठल्याशा बिस्किटाच्या पुड्यावरून उतरवलेले स्पष्ट दिसतात. पण बाकीचे प्राणी इथले आहेत. इच्छापोरहून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तीन पायांचा कुत्रा आहे. खाडीकाठच्या चेरात, म्हणजे आपल्या तिवरांत, उभे असलेले बगळे आहेत आणि त्यांच्या मागे कारखान्यांच्या चिमण्या. चिमणी हा शब्दही पाहा. मराठीत तिला पंखही असतात आणि धूरही. एका पानावर दोन चिमण्या गप्पा मारतात, एक लहान, एक शंभर हात उंच, आणि लहान मोठीला म्हणते की तू उडत नाहीस तर नुसती खोकतेस कशाला. मराठी येत नसलेल्या माणसाला हे पान कळणार नाही, आणि पोराने पहिले पान केले आहे ते चकलीचे, जे गुजराती येत नसलेल्याला कळणार नाही. दोन्ही भाषा ज्याच्या घरी आहेत अशाच वाचकासाठी ही वही आहे. म्हणजे आपल्यासाठी.

पण मला खरोखर थांबवले ते आणखी एका गोष्टीने. वहीतला कावळा अहिराणी बोलतो. "आठे काय भेटस रे?" असे तो उकिरड्यावर उतरताना विचारतो. बगळा गुजराती बोलतो, तेही गुजराती लिपीत लिहून, "आजे माछली नथी, भाई." तीन पायांचा कुत्रा, ट्रकवाल्यांच्या संगतीत वाढलेला, हिंदीत बोलतो. आणि कोणीही कोणाला आपली भाषा बदलायला सांगत नाही. कावळा अहिराणीत विचारतो, बगळा गुजरातीत उत्तर देतो, कुत्रा हिंदीत दोघांना घाई करतो, आणि गोष्ट पुढे जाते. मोठमोठ्या चित्रकथांत सगळे जंगल एकच भाषा बोलते. ती संस्कृत असो, मराठी असो की इंग्रजी. कोण कोणत्या भाषेत बोलेल, हा प्रश्न मी वाचलेल्या प्राणिकथांना पडलेला दिसला नाही. या पोराला तो पडला. पडला म्हणण्यापेक्षा त्याला तो प्रश्न वाटलाच नसावा, कारण त्याची गल्ली अशीच बोलते. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, दुकानात गुजराती.

पुस्तकी मराठी वहीत फक्त एक प्राणी बोलतो. फळ्यापुढचा बगळा. तो बाकीच्या बगळ्यांसारखा गुजरातीत बोलत नाही. "सर्वांनी शांत बसावे" असे तो म्हणतो. आणि त्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

मी वेलांटी दीर्घ केलेली चिमणी त्याच्या अलीकडच्या पानावर होती. लाल शाई पुसता येत नाही. ब्लेडने खरवडून पाहिली, तर कागद फाटू लागला, म्हणून सोडून दिले.

शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात मुलाला बोलावले. तो आता दहावीत आहे. वडील यंत्रमागावर पाळीत जातात. घरी एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर जातो, त्यामुळे चित्रे पाठवणे आपोआपच बंद पडले होते. तो दाराशी उभा राहिला तो आणखी काय निघाले या चेहऱ्याने. मी वही पुढे केली. लाल शाईबद्दल मी बोलायला हवे होते. ते काही जमले नाही. चित्रे चांगली आहेत, एवढे म्हणालो. विज्ञानाच्या सरांशी मी बोललो आहे, तेही सांगितले. चक्रवर्तींचे पुस्तक नागपूरहून मागवून घेतले होते, ते त्याला वाचायला दिले आणि इंग्रजी अडले तर माझ्याकडे ये म्हणालो.

त्याने पुस्तक काखेत धरले आणि आधी स्वतःची वही उघडली. फळ्यापुढच्या बगळ्याच्या पानावर थांबला. बराच वेळ पाहत होता. आता माफी मागतो की काय असे मला वाटले.

"सर, हा चुकलाय," तो म्हणाला. "मी पाय पिवळे काढलेत. खाडीवरच्या या बगळ्याचे पाय काळे असतात. फक्त बोटं पिवळी. मी नंतर जाऊन पाहिलं."

मग त्याने माझ्याच टेबलावरचे काळे पेन मागून घेतले.